मशीन बसून आहे? मेणकापडाची खोळ शिवा

लग्नसराई सरली, शाळेचे गणवेश देऊन झाले की मशीनला काम उरत नाही, ही टेलर बांधवांची दरसालची तक्रार. डहाणू-तलासरीत मात्र याच दिवसांत भाताची आवणी सुरू होते. वाकून रोपे लावणाऱ्याला छत्री निरुपयोगी. त्याला दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून इकडे बांबू व पानांचे इरले वापरात आले. पुढे प्लास्टिकचा कागद आला. तो स्वस्त, पण लवकर फाटतो व आत घाम धरतो.

त्याला पर्याय मेणकापडाची खोळ. घट्ट विणीचे सुती ड्रिल आधी धुऊन आटवून घ्या. ४८ इंच लांब, ४० इंच रुंद तुकडा उभा दुमडून वरची कड दुहेरी शिलाईने बंद करा. गळ्याशी नाडी लावा. मेण शिवल्यावरच द्या, म्हणजे सुईची भोकेही बुजतात. तीन भाग पॅराफिन व एक भाग मधमाशीचे मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा. थेट विस्तवावर ठेवल्यास पेट घेते. ब्रशने पातळ हात देऊन, वर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा.

आधी एकच खोळ शिवून पावसात स्वतः वापरून पाहा. विकताना स्पष्ट सांगा : साबण लावू नये, चुलीजवळ ठेवू नये, दर पावसाळ्याआधी मेणाचा हात पुन्हा द्यावा. हे सांगितले तर तेच गिऱ्हाईक पुढल्या जूनमध्ये खोळ घेऊन तुमच्याच दुकानी येईल.