देहलीदीप : एक हाफबॅक आणि सूरजागडचीं मुलें

फुटबॉलच्या खेळांत गोल करणाराचें नांव सर्वतोमुखीं होतें, आणि गोल अडविणाराचेंहि पुष्कळदां होतें. परंतु या दोहोंच्या मधोमध उभा राहून प्रतिपक्षाच्या पायांतील चेंडू हिरावून घेणारा व तो आपल्या पुढील गड्याकडे बिनचूक पोंचविणारा जो खेळाडू, त्याची आठवण सामना संपल्यावर फारशी कोणास राहत नाहीं. जुने लोक त्यास हाफबॅक म्हणत. आतां मधल्या फळींतील खेळाडू असें म्हणतात. संस्कृतज्ञांस देहलीदीपन्याय परिचित आहे. उंबरठ्यावर ठेविलेला दिवा घरांतहि उजेड पाडतो आणि अंगणांतहि. मधल्या फळींतील उत्तम खेळाडू हा असा उंबरठ्यावरचा दिवाच होय. बचाव आणि चढाई या दोहोंसहि त्याच्यावांचून अंधार.

असा एक दिवा आपल्या शेजारच्या गोव्यांत लागला. क्लायमॅक्स लॉरेन्स हें त्याचें नांव. जन्म १९७९ सालचा. साळगांवकर, कोलकात्याचा ईस्ट बंगाल आणि पणजीचा डेंपो अशा नामांकित क्लबांतून तो धंदेवाईक खेळाडू म्हणून खेळला. २००२ पासून सुमारें दहा वर्षें तो भारताच्या संघांत होता, आणि सत्तरांहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने त्याच्या नांवावर जमा आहेत. इतक्या सामन्यांत त्याचे स्वतःचे गोल मात्र बोटांवर मोजण्याइतकेच! परंतु त्यांतील एकाचें मोल फार मोठें आहे. ३० जुलै २००८ रोजीं हैदराबादेस ए. एफ. सी. चॅलेंज कप स्पर्धेंत भारताची गांठ अफगाणिस्तानशीं पडली. नव्वद मिनिटें संपलीं तरी कोणत्याहि बाजूचा गोल झाला नव्हता. पंचांनीं दिलेल्या जादा वेळांत क्लायमॅक्सनें तो केला, आणि पहिल्याच सामन्यांत अडखळण्याची नामुष्की टळली. पुढें १३ ऑगस्टला दिल्लींत अंतिम सामन्यांत सुनील छेत्रीनें तीन गोल केले, ताजिकिस्तानचा ४–१ असा पराभव झाला, आणि भारतास २०११ च्या आशिया चषक स्पर्धेंत प्रवेश मिळाला. १९८४ नंतर हा मान प्रथमच लाभत होता. दोहा येथें आपण तिन्ही सामने हरलों हें खरें; तथापि त्या मोठ्या घराच्या दारापर्यंत जाण्यास सत्तावीस वर्षें लागलीं होतीं हें विसरून चालावयाचें नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, असा खेळाडू एकट्या अंगच्या गुणांवर घडतो काय? गोव्यांत हा खेळ १८८३ मध्यें विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्यानें आणला, असें सांगतात. तो पाद्र्यानें आणला खरा, पण त्यास पुढें मोठा आश्रय मिळाला तो खाणवाल्यांचा. साळगांवकर व डेंपो हीं दोन्ही घराणीं लोहखनिजाच्या व्यापारांत नांवाजलेलीं. त्यांनीं क्लब चालविले, आणि खेळणाऱ्या पोराच्या घरीं दरमहा पगार पोंचूं लागला. सेसा गोवा या खाण-कंपनीनें १९९९ मध्यें मुलांना हा खेळ शिकविणारी अकादमीच काढली. त्याच वर्षीं साळगांवकर क्लब राष्ट्रीय विजेता ठरला. पुढें आर्मांदो कुलासो यांच्या शिकवणीखालीं डेंपोनें २००४–०५ ते २०११–१२ या आठ हंगामांत पांच वेळां तेंच पद मिळविलें. क्लायमॅक्सच्या उमेदीचीं बहुतेक वर्षें याच संघांत गेलीं. डोंगरांतून निघालेलें लोखंड परदेशीं गेलें. पण त्याच्या पैशाचा कांहीं अंश गांवच्या मैदानांत मुरला.

या चित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. २०१२ मध्यें गोव्यांतील खाणी बंद करण्यांत आल्या. २०१६ मध्यें राष्ट्रीय स्पर्धेच्या नव्या रचनेवरून मतभेद होऊन डेंपो व साळगांवकर या दोन्ही क्लबांनीं आय-लीगमधून अंग काढून घेतलें. डेंपो पुनः त्या स्पर्धेंत दिसला तो २०२४ मध्यें. खेळाचें झाड एकाच धनिकाच्या विहिरीवर जगविलें, तर त्यास कायमचा भरवसा नसतो, हा यांतील धडा आहे.

मैदानाचें महत्त्व केवळ आमच्यासारख्या गरीब देशांतच आहे असेंहि नाहीं. आयर्लंडमधील कॉर्कचा रॉय कीन हा आपल्या काळचा विख्यात हाफबॅक. १९९० मध्यें त्यानें इंग्लंडांतील नॉटिंगहॅमचा रस्ता धरला, आणि पुढें तो मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार झाला. २००२ च्या विश्वचषकापूर्वीं सायपान बेटावर सरावाची जागा व व्यवस्था नीट नाहीं, यावरून त्याचें व संघाच्या व्यवस्थापकाचें इतकें बिनसलें कीं एवढा मोठा खेळाडू एकहि सामना न खेळतां घरीं परतला. त्याचा राग योग्य होता कीं नव्हता, हा वाद त्याच्या देशांत पुष्कळ रंगला. परंतु पायाखालची जमीन हीच खेळाडूची पहिली गरज, हें त्यावरून दिसतें.

हें सारें सांगण्याचें कारण गोव्याहून फार दूर, गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांत आहे. तेथील सूरजागडचे डोंगर लोहखनिजाचे आहेत, आणि माडिया लोकांचा ठाकुरदेवहि त्याच डोंगरांत नांदतो. २०१६ मध्यें तेथें खोदकाम चालू झालें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नक्षलवाद्यांनीं ऐंशीच्या सुमारास वाहनें जाळलीं व काम थांबलें. २०२१ पासून तें पुनः चालू आहे. २०२३ मध्यें वर्षाकाठीं ३० लाख टनांऐवजीं १ कोटी टन माल काढण्याची परवानगी मिळाली. रान आणि देवस्थान यांविषयीं तेथील अनेक ग्रामसभांनीं घेतलेली हरकत एखाद्या मैदानानें मिटत नाहीं, व मिटूंहि नये. परंतु डोंगर रोज उणा होत असतां त्याच्या पायथ्याशीं वाढणाऱ्या मुलांच्या पदरीं धुळीवांचून काय पडणार, हें विचारण्यास कोणाचीच हरकत असूं नये.

आम्हीं जन्मभर मुलांत काढला. मुलाची बुद्धि जशी वर्गांत कळते तशी मैदानावरहि कळते. किंबहुना चेंडू दुसऱ्यास केव्हां द्यावा हें ज्यास उमगलें, त्यास पुढें पुष्कळ गोष्टी शिकवाव्या लागत नाहींत. प्रत्येक आश्रमशाळेस एक सपाट मैदान, खेळ जाणणारा एक शिक्षक, पुरेसे चेंडू आणि मुलांस पोटभर अन्न, एवढें झालें तरी प्रारंभ होईल. खर्च खाणीच्या उत्पन्नांतून व्हावा. मात्र व्यवस्था शाळेच्या व ग्रामसभेच्या हातीं राहावी, म्हणजे खाण थांबली तरी खेळ थांबणार नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरांतील कितीतरी मुलगे, मुली व सुना आज कंपन्यांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून अधिकाराच्या जागांवर आहेत. लोकोपयोगी कामासाठीं राखून ठेवलेल्या रकमा कोठें जाव्या हें ठरविणाऱ्यांत त्यांच्यापैकीं कोणी ना कोणी बसतच असेल. त्यांनीं त्या बैठकींत एकदां सूरजागडच्या मुलांचा विषय काढावा, एवढीच आमची विनंति आहे.