चिनी स्वयंपाक आणि भिलाईचा बाजार

संध्याकाळी दिवे लागले की भिलाईतल्या सेक्टरांच्या बाजारांतून आणि सुपेल्याच्या रस्त्याकडेला ‘चायनीज’ असे तांबड्या अक्षरांत लिहिलेल्या हातगाड्या उभ्या राहतात. मोठ्या ज्योतीवर कढई खणखणू लागते, कोबी, सिमला मिरची आणि उकडलेल्या शेवया तिच्यात उंच उडतात, आणि पाहता पाहता काळ्या व तांबड्या बाटल्यांतला रस त्यांवर ओतला जातो. हा पदार्थ मी आवडीने खातो, हे आरंभीच सांगून टाकतो. एरवी मी नाक मुरडून बोलतो आहे असा श्रोत्यांचा समज व्हायचा. परंतु हे अन्न चीनचे नव्हे. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा प्रदेश खरा, तथापि ‘मांचुरियन’ नावाचा पदार्थ तिकडून आलेला नाही. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग हे मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये काम करीत असता १९७५ च्या सुमारास एका गिऱ्हाइकाने काही नवे करून मागितले. वांग यांनी आपल्याच रीतीने आले, लसूण आणि हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअर लावून रस दाट केला, अशी हकीकत त्यांनीच सांगितली आहे. म्हणजे पदार्थ मुंबईचा आणि त्याला वयही फारसे नाही.

हा भेद मला पुस्तकातून कळला नाही. आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहत असत. त्यांचा जन्म कोलकात्याच्या टँग्रा भागातल्या एका हाक्का चिनी कुटुंबातला. पोलाद कारखान्यातल्या एका बंगाली अभियंत्याशी विवाह होऊन त्या तरुणपणीच भिलाईला आल्या. आम्ही त्यांना मासीमा म्हणत असू. एकदा माझ्या पत्नीने मोठ्या हौसेने त्यांना मांचुरियनची वाटी पाठविली. वाटी परत द्यायला त्या स्वतः आल्या आणि म्हणाल्या, ‘‘छान झालंय, बौमा. पण माझ्या आईची सोया सॉसची बाटली महिनाभर पुरायची. तू एका वाटीत आठवड्याची ओतलीस.’’

टँग्र्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉरन हेस्टिंग्जच्या काळी एका चिनी गृहस्थाने बजबजजवळ साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात. पुढे हाक्का लोकांनी टँग्र्यात चामडे कमावण्याचा धंदा उभारला, आणि त्यांच्याबरोबर सोया सॉस, खारवलेल्या भाज्या आणि शेवया यांचे कारखानेही आले. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांतली पुष्कळशी पुढे देश सोडून गेली. मासीमांच्या माहेरची माणसेही एकेक करून कॅनडाला गेली. सासरी बंगाली स्वयंपाक. आईच्या हातचे जे काही होते ते त्यांच्यापाशी उरले होते, पण ते रांधण्याचे निमित्त उरले नव्हते.

एका पौषात त्या आजारी पडल्या. ताप उतरला, पण अन्न जाईना. मुलगा दूरच्या शहरी. माझ्या पत्नीने मऊ भात, वरण, मुगाची खिचडी असे सगळे करून पाहिले. शेवटी तिने विचारले, ‘‘मासीमा, लहानपणी आजारी पडलात की आई काय द्यायची?’’ त्यावर दोन पदार्थांची नावे मिळाली: तांदळाची पातळ पेज आणि वाफवलेले अंडे.

पेज म्हटल्यावर आम्हां कोकणच्या माणसांना हसू आले. चीनमध्ये सकाळच्या न्याहारीला आणि आजाऱ्याला जी पेज देतात तिला इंग्रजीत ‘काँजी’ म्हणतात, आणि तो शब्द तमिळ ‘कंजी’वरून गेलेला आहे. आमचे चुकले ते तांदळात. पाहुण्यासारख्या माणसाला चांगलेचुंगले द्यावे म्हणून आम्ही सुवासिक दुबराज घेतला, आणि त्या वासाने त्यांनी वाटी बाजूला सारली. या पेजेला तांदळाचा स्वतःचा वास नको असतो. गुरमटियासारखा येथला साधा जाड तांदूळ तिला उत्तम. एक वाटी तांदळाला नऊ-दहा वाट्या पाणी, मीठ नाही, आणि मंद आचेवर सव्वा ते दीड तास. दाणा फुटून पाण्याशी एकजीव झाला पाहिजे. वरून आल्याचे केसासारखे बारीक काप, कांद्याची पात आणि सोया सॉसचे चार थेंब.

वाफवलेल्या अंड्याची कृती दिसायला सोपी आणि बिघडायला त्याहून सोपी. दोन अंडी फेस न आणता मोडावीत, त्यांत अंड्यांच्या दीडपट कोमट पाणी व चिमूटभर मीठ घालून गाळून घ्यावे, पसरट वाटीत ओतावे आणि वाटीवर ताटली झाकावी, म्हणजे वाफेचे पाणी आत ठिबकणार नाही. मोदकपात्रात अगदी मंद वाफेवर दहा-बारा मिनिटे. आच मोठी झाली की अंड्याला जाळी पडते. नीट जमले तर ते खरवसासारखे थरथरते. आमचे पहिले दोन प्रयत्न जाळीदार झाले. तिसऱ्यातले मासीमांनी अर्धे खाल्ले आणि सांगितले की आले फार जाड चिरले आहे.

आले नावे ठेवण्याइतपत त्यांना बरे वाटू लागले, आणि मग दर रविवारी त्या आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून हुकूम सोडू लागल्या. सामान आणण्याचे काम माझ्याकडे आले.

भिलाईची एक सोय आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार होऊन येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशाच्या सर्व प्रांतांतली माणसे येथे नोकरीला आली. त्यामुळे बाजारात सगळ्यांच्या गरजेचे थोडेथोडे मिळते. शिवाय हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणारा लोहमार्ग येथूनच जातो. तरीही माझी पहिली यादी घेऊन मी मोठ्या दुकानांतून हिंडलो आणि रिकाम्या हाताने परतलो. चूक दुकानांची नव्हती. मी चिनी नावांच्या वस्तू शोधीत होतो. त्यांतल्या बऱ्याच वस्तू भाजीबाजारात दुसऱ्या नावांनी बसलेल्या होत्या.

चीनमध्ये ज्या पोकळ देठाच्या भाजीला लसणीबरोबर झटकन परततात ती म्हणजे छत्तीसगडची करमत्ता भाजी, आपली नाळीची भाजी. तांबडा माठही तिकडे तसाच परततात. पावसाळ्यात येथे पैरा-फुटू म्हणून एक अळंबी येते. पैरा म्हणजे भाताचा पेंढा. चिनी पाककृतींत डबाबंद ‘स्ट्रॉ मशरूम’ सांगितलेली असते ती हीच, आणि डब्यातल्यापेक्षा ताजी कितीतरी सरस. कोवळा शिंगाडा आणि चिनी ‘वॉटर चेस्टनट’ या वनस्पती भिन्न आहेत, परंतु सारणात दाताखाली करकरणे हेच ज्याचे काम, तेथे शिंगाडा बेलाशक वापरावा. चक्रीफूल आपल्या मसाल्याच्या डब्यात असतेच. सेचवान प्रांतात जिभेला झिणझिण्या आणणारे जे फळ वापरतात त्याचे सख्खे चुलत भावंड म्हणजे कोकणातले तिरफळ. दोन्ही एकाच कुळातली. तिरफळाचा वास अधिक उग्र, म्हणून प्रमाण निम्मे, आणि आतली काळी बी काढून टाकून फक्त टरफल घ्यावयाचे. भिलाईत ते मिळत नाही. आमच्याकडे बांगड्याच्या आमटीसाठी गावाहून आलेले होते.

टोफू घरी करावा. दुर्ग, बेमेतरा, राजनांदगाव या बाजूला सोयाबीन पिकते, त्यामुळे दाणे मुबलक. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवून दोन लिटर पाण्यात वाटावे, फडक्यातून पिळावे, आणि ते दूध ढवळीत चांगले दहा मिनिटे उकळावे. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा करणारी द्रव्ये असतात, ती उकळण्याने जातात. दूध फार लवकर उतू जाते, तेव्हा पातेले मोठे घ्यावे. आच बंद करून दोन-तीन मिनिटांनी दोन लिंबांचा रस वाटीभर पाण्यात मिसळून तीन हप्त्यांनी घालावा, दही धरल्यासारखे झाले की फडक्यात बांधून वजनाखाली अर्धा तास ठेवावे. खाली उरलेला चोथा थालीपिठात जातो. मासीमांना ते थालीपीठ टोफूहून अधिक आवडले, हे जाता जाता.

आता ज्या वस्तूंना पर्याय नाही त्यांविषयी. सोया सॉस ही पहिली. खरा सोया सॉस म्हणजे सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी. बुरशीच्या साहाय्याने महिनोन्महिने आंबवलेला. स्वस्त बाटल्यांवरचे बारीक अक्षर वाचले तर तेथे वनस्पतिजन्य प्रथिनांचे आम्लाने केलेले विघटन आणि रंगासाठी जाळलेली साखर असे काहीतरी आढळते. त्याने पदार्थ काळा व खारट होतो, इतकेच. बाटलीवर ते चार जिन्नस आणि ‘आंबवलेला’ हा शब्द आहे की नाही एवढे पाहिले तरी निम्मे काम होते. फिकट सॉस चवीसाठी, दाट काळा रंगासाठी. एकच घ्यावयाचा तर फिकट. आमचा कोलकात्याच्या टिरेटा बाजारातून, जाणाऱ्या-येणाऱ्या बंगाली मित्रांच्या सामानातून येई.

दुसरी वस्तू तिळाचे तेल. आपले तेल कच्च्या तिळाचे, चिनी तेल भाजलेल्या तिळाचे, आणि ते तळण्यासाठी नसून शेवटी दोन थेंब घालण्यासाठी असते. हे मात्र घरी साधते: पांढरे तीळ तांबूस भाजून जाडसर कुटावेत, आपल्याच तिळेलात मंद आचेवर थोडा वेळ तापवून गाळावेत. भाताच्या काळ्या शिरक्याला आणि आंबवलेल्या वालासारख्या शेंगांच्या तिखट लगद्याला मात्र मी तोड शोधू शकलो नाही. ज्या पदार्थाचा जीवच त्यांत आहे तो पदार्थ करू नये, असे माझे मत झाले आहे. मासीमा याबाबत माझ्याहून कडक होत्या.

कढईविषयी एवढेच, की घरच्या गॅसची ज्योत हातगाडीवाल्याच्या भट्टीइतकी मोठी नसते. चार माणसांची भाजी एकदम टाकली तर ती परतली न जाता स्वतःच्या पाण्यात शिजते. कढईतून धुराची रेघ निघेपर्यंत ती तापवावी आणि एकेका माणसाची भाजी वेगवेगळी परतावी. चिरणे आधी, सगळे. आच पेटल्यावर सुरी हातात घ्यायची नाही.

चैत्रात आमच्या घरी कुरडयांसाठी गहू भिजले. तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून खाली बसलेला तो पांढरा चीक पाहिला मात्र, मासीमा स्टुलावरून उठल्या. कँटनकडे कोळंबीच्या सारणाचे पारदर्शक मोदकासारखे पदार्थ करतात, त्यांचे पीठ म्हणजे गव्हाचे हेच सत्त्व. आपला चीक भिजवणीने किंचित आंबूस झालेला असतो, म्हणून वरचे पाणी चार-पाच वेळा बदलले, मग तो वाळवून, कुटून, वस्त्रगाळ केला. त्यात पाचवा हिस्सा कॉर्नफ्लोअर मिसळून, कडकडीत उकळते पाणी ओतून, उकडीसारखेच गरम गरम मळले. ‘‘हे आमच्या हाक्का लोकांचे नव्हे,’’ असे त्या दोनदा म्हणाल्या, ‘‘पण रविवारी सकाळी टिरेटा बाजारात सगळेच खायचे.’’ सारणात कोळंबी, आले, पात आणि तेलाचे दोन थेंब. माझ्या पत्नीने पारी हातावर घेऊन सवयीने मोदकाच्या कळ्या पाडायला सुरुवात केली. मासीमांनी चष्मा लावून त्या मोजल्या. अकरा भरल्या. मग त्यांनी स्वतः एक पारी उचलली, हात थोडा कापत होता, आणि बाराव्या कळीवर तोंड मिटवून ती मोदकपात्रात आमच्यांच्या रांगेत ठेवून दिली.