म्हातारे मांजर रात्री का ओरडते?

रात्री मांजर रडले की आपल्याकडे पहिला विचार अपशकुनाचा आणि दुसरा, ते पोत्यात घालून मंडईपाशी सोडून येण्याचा. फार तर कुणी म्हणते, ‘वय झाले, भ्रमिष्ट झालेय.’ तेही खोटे नाही. म्हातारपणी मांजरालाही विस्मरण होते. ओळखीच्या घरात ते वाट चुकते, अंधारात भेदरून हाका मारते. बहिऱ्या मांजराला तर स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते भसाड्या स्वरात ओरडते.

पण वयावर खापर फोडण्याआधी रक्त तपासावे. थायरॉईड ग्रंथीचा अतिरेक हा दहा वर्षांपुढच्या मांजरांचा नेहमीचा विकार. त्याची पहिली नीट नोंद १९७९ची. लक्षण मोठे फसवे. मांजर आधाशासारखे खाते आणि वाळत जाते. आमच्या शेजारची सोळा वर्षांची मनी अशीच. काकू म्हणायच्या, ‘खातेय ना, मग ठणठणीत आहे!’ तपासणीत थायरॉईडच निघाला. गोळ्यांनी रात्री बऱ्याच शांत झाल्या. (मांजराच्या घशात गोळी उतरवणे थकीत कर्ज वसूल करण्याहून कठीण, हे बँकेतल्या अनुभवावरून सांगतो.)

या विकाराने किंवा मूत्रपिंड दुबळे झाल्याने रक्तदाब चढतो. दुर्लक्ष झाले तर एका रात्रीत दृष्टी जाऊ शकते, मग ओरडणे आणखी वाढते. दात, सांधे दुखत असले तरी तेच. मात्र घरातली पॅरासिटॅमॉल मुळीच देऊ नये. मांजराला ती विष आहे. रात्री बोळात मिणमिणता दिवा ठेवावा आणि मातीचे घमेले त्याच्या अंथरुणाजवळ सरकवावे.