‘पाय घसरला’ एवढेच लिहू नका

पदपथावर पडून मनगट किंवा खुबा मोडलेला वृद्ध रुग्ण दवाखान्यात येतो, तेव्हा त्याचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘माझेच लक्ष नव्हते, डॉक्टर.’ घरची मंडळीही त्याला दुजोरा देतात. मग केसपेपरवर ‘पाय घसरून पडल्या’ एवढीच नोंद होते आणि उखडलेला पेव्हर ब्लॉक किंवा झाकण नसलेले मॅनहोल त्या हकिकतीतून कायमचे गळून जाते.

वयपरत्वे नजर मंदावते, तोल सावरायला क्षणभर उशीर होतो, हाडे ठिसूळ होतात, हे खरेच. म्हणून खड्डा रुग्णाचा होत नाही. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत पोटविकारतज्ज्ञांचा अंत झाला. तेथे वयाचा किंवा नजरेचा काय संबंध?

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेला आदेश यासाठीच प्रत्येक घराला ठाऊक असावा. खड्डा किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि दुखापत झाल्यास तिच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असे न्यायालयाने ठरवून दिले. महापालिका क्षेत्रात याचा निर्णय आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने करावयाचा आहे. ही रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदार यांच्याकडून वसूल करण्याचेही निर्देश आहेत. मला यातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

याहून अधिक भरपाईसाठी दिवाणी दावा लावायचा, तर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ५२७ नुसार आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि घटनेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. खुब्याची शस्त्रक्रिया, वॉकर, फिजिओथेरपी यांतच हे सहा महिने सरून जातात, म्हणून वकिलांकडे जाण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणी लगेच अंगावर घ्यावे.

कागदपत्रांची सुरुवात मात्र दवाखान्यातूनच होते. कोठे, किती वाजता, कशात पाय अडकला हे डॉक्टरांना सांगा आणि ते तसेच लिहून घ्या. जे घडले तेवढेच सांगा. पोलिसांत नोंद करा. बिले, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड एकत्र ठेवा. त्या जागेचे छायाचित्र त्याच दिवशी काढा, कारण तक्रारीनंतर खड्डा बुजवला जातो आणि पुरावाही त्याबरोबर बुजतो.

मुका मार समजून घरीच थांबणाऱ्यांनाही हे लागू आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या डोक्याला मार लागला, तर ताबडतोब तपासून घ्यावे. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी डोके वर काढतो : बोलण्यात गोंधळ, झोपाळूपणा, चालताना एका बाजूला झोक. तेव्हा पहिल्या दिवसाचा केसपेपर उपचारालाही लागतो आणि अर्जालाही.