पन्हाळगड ते पावनखिंड : रणभूमीची वनवाट

कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर असलेल्या पन्हाळगडाच्या राजदिंडीतून एक पायवाट खाली उतरते आणि पठारे, वाड्या व रानातून पश्चिमेकडे विशाळगडापर्यंत जाते. सुमारे ६० किलोमीटरांची ही वाट म्हणजे इतिहासप्रसिद्ध रणभूमी होय.

सिद्दी जौहरच्या सैन्याने १६६० च्या मार्च महिन्यापासून पन्हाळगडास वेढा घातला होता. भर पावसाळ्यातही तो उठण्याची चिन्हे दिसेनात. तेव्हा १२ जुलै १६६० च्या रात्री छत्रपती शिवाजी महाराजांनी निवडक मावळ्यांसह गड सोडला. महाराजांचा वेष धारण करून पालखीत बसलेल्या शिवा काशीद यांनी शत्रूची दिशाभूल केली व प्राणार्पण केले. पाठलाग करणारे सैन्य जवळ येताच बाजीप्रभू देशपांडे यांनी बांदल मावळ्यांसह घोडखिंड रोखून धरली. या लढाईत बाजीप्रभूंनी देह ठेवला. महाराज विशाळगडी सुखरूप पोहोचले. पुढे घोडखिंड पावनखिंड म्हणून ओळखली जाऊ लागली.

निसर्गाचे साहाय्य

या पराक्रमास सह्याद्रीच्या भूरचनेची साथ लाभली. आषाढातील पाऊस, धुके आणि दाट झाडी यांमुळे वाट हेरणे कठीण होते. खिंडीच्या चिंचोळ्या वाटेत मोठ्या सैन्यास आपल्या संख्याबळाचा उपयोग करता येत नाही. थोडे पण निश्चयी वीर तेथे पुष्कळांना थोपवू शकतात. म्हणूनच ही लढाई समजून घ्यावयाची, तर ती वाट पायी चालणे हाच उत्तम मार्ग आहे.

मसाईचे पठार

गड उतरल्यानंतर वाट मसाई पठारावर चढते. पठाराच्या कड्यात पांडवदरा लेणी आहेत. हे पठार जांभ्या दगडाचे आहे. आलटून पालटून येणारा पाऊस व ऊन यांमुळे मूळच्या खडकातील सिलिका युगानुयुगे वाहून गेली. लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली आणि त्यांचाच सच्छिद्र जांभा बनला. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि उताराला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. असे झरे व ओहोळच गजापूर परिसरात उगम पावणाऱ्या कासारी नदीस मिळतात आणि कासारी पुढे पंचगंगेस मिळते.

जांभ्यावरील मातीचा थर अत्यंत पातळ व निकस असतो. त्यामुळे येथे सीतेची आसवे व दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती आढळतात. मातीतून न मिळणारे नत्र त्या कीटकांपासून मिळवितात. पावसाळा सरत आला की गेंद, तेरडा व सोनकी यांच्या फुलांनी पठार नटते. कुंभारवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशी वस्तीस्थाने मागे पडतात, तशी झाडी दाट होते. जांभूळ, हिरडा व अंजन यांच्या या रानात गवा, बिबट्या व शेकरू यांचा वावर आहे. पांढरपाणीच्या पुढे पावनखिंड लागते.

वाट राखण्याची गरज

दरवर्षी जुलै महिन्यात हजारो तरुण दोन दिवसांत ही वाट चालतात. ही निष्ठा अभिनंदनीय आहे. तथापि, ओल्या पठारावर चिखल टाळण्यासाठी प्रत्येकाने बाजूला पाऊल टाकले, तर वाट रुंदावत जाते. तुडविलेली माती घट्ट होते वा वाहून जाते व तिच्यातील बीजेही नष्ट होतात. पठारावर वाहन नेल्यास हानी अधिकच होते. गेलेला मातीचा थर पुन्हा तयार होण्यास दीर्घ काळ लागतो.

म्हणून पदयात्रींनी मळलेली वाट सोडू नये, लहान गटांनी जावे, स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा आणि प्लॅस्टिकचा कचरा परत न्यावा. मुसळधार पावसात ओढ्याला पूर आला असता खिंडीत उतरू नये. फुले पाहावयाची असल्यास सप्टेंबर महिना सोयीचा.

जुलै २०२५ मध्ये 'भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पन्हाळगड त्यांपैकी एक आहे. गडाचा ढासळलेला तट पुन्हा बांधता येतो. झरे, झाडी व पठार यांनी घडविलेली ही वाट मात्र पुन्हा बांधता येणार नाही. तिचे रक्षण हीच बाजीप्रभू व त्यांच्या साथीदारांना वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.