बसथांब्यावरचे बाक कोणाचे?

आपल्या महाविद्यालयाच्या फाटकासमोरचा बसथांबा नवा झाला तेव्हा आपल्यापैकी सर्वांनाच आनंद झाला होता. पत्र्याचे छप्पर, स्टीलचे बाक आणि रात्री दिव्याने उजळणारा भलामोठा फलक. त्यावर कधी दागिन्यांची, तर कधी नव्या गृहसंकुलाची जाहिरात. महापालिकेचा एक पैसाही खर्च झाला नाही, सारे काही जाहिरात कंपनीने बांधून दिले, असे कळल्यावर मलाही हा व्यवहार मोठा शहाणपणाचा वाटला.

माझे मत डळमळले ते आजीमुळे. तिच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी मी तिला दर पंधरवड्याला रुग्णालयात नेतो. तिथल्या थांब्यावर एक लोखंडी खांब आहे आणि खांबावर गंजलेली पाटी. छप्पर नाही, बाक नाही. बस येईपर्यंत आजी शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसते. म्हणजे जिथे आजारी आणि म्हातारी माणसे ताटकळतात तिथे बाक नाही. आणि जिथे आपण तरणीताठी पोरे बाकाच्या पाठीवर चढून बसतो, तिथे ते आहे.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी या व्यवहाराच्या जन्माकडे जायला हवे. ज्याँ-क्लोद देको हा फ्रेंच गृहस्थ हमरस्त्यांच्या कडेला जाहिरातीचे फलक उभारण्याचा धंदा करीत असे. १९६४ च्या सुमारास सरकारने अशा फलकांवर जबर कर बसवला आणि धंदा बुडण्याची वेळ आली. तेव्हा त्याने लियों शहरापुढे एक तोड ठेवली. बसथांब्यांचे निवारे मी बांधीन, झाडीन-पुसीन, दुरुस्त करीन. मोबदल्यात त्यांवर जाहिराती लावण्याचा हक्क मला द्या. ही तोड पुढे जगभर पसरली. मुंबईत बेस्टच्या थांब्यांवरही जाहिराती असतातच.

या तोडीतला खरा लाभ बांधकामाचा नसून देखभालीचा आहे, हे मान्य केले पाहिजे. सरकारी बाक एकदा मोडले की मोडलेलेच राहते. जाहिरातदाराला मात्र आपल्या मालाशेजारी मोडके बाक परवडत नाही.

पण पैसे कशाचे मिळतात? बसणाऱ्याचे नव्हे, समोरून मोटारीतून जाणाऱ्याच्या नजरेचे. जिथे सिग्नलला वाहने खोळंबतात तिथली जागा महाग, आणि रुग्णालयामागच्या गल्लीतली जागा कवडीमोलाची. बाकाच्या पाठीवर जाहिरात रंगवली तर गंमत आणखीच वाढते, कारण माणूस टेकला की ती झाकली जाते! जाहिरातदाराच्या दृष्टीने आदर्श बाक म्हणजे रिकामे बाक. आपल्या फाटकासमोरचा तो फलकही नेमका बस येते त्याच बाजूला उभा केला आहे. म्हणून बाकावर बसलेल्याला दर दोन मिनिटांनी उठून वाकून पाहावे लागते. थांबा ज्याच्यासाठी बांधला त्याचा विचार यात सर्वांत शेवटी झालेला दिसतो.

अर्थात बाकावर नाव घालण्याची हौस आपल्याला नवी नाही. कोणा कैलासवासींच्या स्मरणार्थ दिलेली बाके देवळांपुढे असतात, आणि नगरसेवकांच्या निधीतून आलेल्या बाकांवर तर नाव इतके मोठे, की बसण्याचा संकोच वाटावा. असो.

मग जाहिरातींवर सरसकट बंदीच घालावी काय? ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने १ जानेवारी २००७ पासून कायदा लागू करून हजारो फलक उतरवले. पण बसथांब्यांचे निवारे सुधारायचे ठरले, तेव्हा त्याच शहराने तेवढ्यापुरती जाहिरातीला पुन्हा वाट करून दिली. फ्रान्समधील ग्रेनोब्लने २०१४ साली रस्त्यांवरचे जाहिरात-फलक काढून टाकण्याचे जाहीर केले. तिथेही बसथांब्यांवरचे फलक त्या वेळी राहिलेच, कारण त्यांचा करार वेगळा होता. म्हणजे जाहिरातीला नाके मुरडणाऱ्या शहरांनाही निवाऱ्याचा खर्च सहजासहजी झेपत नाही.

म्हणून माझ्या मते परवानगी द्यावी. मात्र जागा कंपनीने निवडू नयेत. करार विकायचाच तर एकेका चौकाचा न विकता साऱ्या बसमार्गाचा विकावा. ज्याला सिग्नलचा चौक हवा, त्याने रुग्णालयाचा थांबाही बांधलाच पाहिजे आणि तिथल्या बाकाचीही निगा राखली पाहिजे, मग तिथे जाहिरात लागो वा न लागो. फलक येणाऱ्या बसच्या आड नसावा. आणि बाकाला पाठ असावी. म्हाताऱ्या माणसाला त्याशिवाय बसता येत नाही, हे आजीबरोबर चार वेळा गेल्यावर मला कळले.

यात कंपनीचा नफा थोडा घटेल, महापालिकेच्या हाती पडणारे भाडेही कमी होईल. ते कमी होऊ द्यावे. भाड्याचा आकडा फुगवण्याच्या नादातच रुग्णालयाचा थांबा करारातून गळतो.

येत्या गुरुवारी आजीला पुन्हा न्यायचे आहे. पायरीवर अंथरायला जुने वर्तमानपत्र तिने आत्तापासूनच पिशवीत घालून ठेवले आहे.