मैदानावरची पहारेकरीण

2002 साली अमेरिकेत डेट्रॉइटजवळ एक चकचकीत हिरवा भुंगेरा सापडला. ईशान्य आशियातून आलेला. त्याच्या अळ्या अ‍ॅश नावाच्या झाडाच्या सालीखाली पोखरत जातात आणि काही वर्षांत झाड उभ्या उभ्या वाळतं. वरून काही दिसेपर्यंत कीड मुरलेली असते, म्हणून प्रश्न होता तो वेळेत हुडकण्याचा.

हे काम सर्सेरिस फ्युमिपेनिस ही तिथलीच गांधीलमाशी आधीपासून करत होती. आपल्याकडची कुंभारीण मातीच्या घरट्यात अळ्या भरते, तशी ही त्या हिरव्या भुंगेऱ्याच्या कुळातले भुंगेरे डंखाने लुळे करून बिळात पिल्लांसाठी साठवते. कॅनडातल्या गुएल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी तिच्या शिकारीचीच झडती घ्यायचं ठरवलं.

तिला बीळ करायला उघडी, घट्ट, वाळूमिश्रित जमीन लागते. बेसबॉलच्या मैदानांवर ती आयती मिळते. त्यामुळे मेन, मिनेसोटासारख्या राज्यांत आईबाप मुलांना घेऊन या कामात उतरले. पेन्सिल जाईल एवढं बीळ, भोवती मातीची कड. त्यावर भोक पाडलेलं कार्ड ठेवायचं. रिकामी माशी त्यातून सहज बाहेर पडते. पोटाशी भुंगेरा धरून परतली की आत मावत नाही, घुटमळते. तेवढ्यात जाळी टाकायची. चेहऱ्यावर तीन फिकट पिवळे ठिपके असले तर मादी, दोन असले तर नर, हे मुलं पटकन शिकतात. चिमटीत दाबली नाही तर ती माणसाला डसत नाही, हेही.

2012 मध्ये कनेक्टिकट राज्यातला पहिला हिरवा भुंगेरा प्रॉस्पेक्ट गावी अशाच पहाऱ्यात मिळाला. बेसबॉलची बॅट परंपरेने अ‍ॅशच्याच लाकडाची. तिच्या शत्रूचा सुगावा मैदानातूनच लागला!

भुंगेरा मात्र थांबला नाही. आज तो पस्तीसहून अधिक राज्यांत आहे आणि 2021 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्याच्यासाठी घातलेले लाकूड वाहतुकीवरचे निर्बंधही उठवले. पहाऱ्याने झाडं वाचली असं म्हणता येणार नाही. काही ठिकाणी तयारीला अवधी मिळाला, एवढंच.

2022 मध्ये तो पश्चिमेला ओरेगॉनात पोचला. ही गांधीलमाशी तिथे नाही. मुलांना उन्हाळी शिबिरातून घ्यायला आलेल्या एका जीवशास्त्रज्ञाला वाळत चाललेले अ‍ॅश दिसले. जवळ जाऊन पाहिलं, तर खोडावर इंग्रजी ‘डी’च्या आकाराची छिद्रं. माशी नसेल तिथे पहारा माणसांनाच करावा लागतो, आणि त्याची सवय मैदानावर बसलेल्या त्या मुलांना आधीच लागली आहे.